खांद्यावरचं औषध

तूताला खांद्यावरून खाली उतरवताना वगीहला तिच्या काखेतल्या घामाचा वास आला, आणि तो वास मोठ्या माणसाचा होता. दुपारचं जेवण आटोपलं होतं. मोहर्रम बेक वस्तीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत समुद्राचा वारा दमून जातो, त्यामुळे पंखा गरम हवाच इकडची तिकडे करत होता, आणि नात नेहमीसारखी आजोबाच्या उघड्या खांद्यावर गाल टेकून झोपून गेली होती. तिला कोचावर ठेवायला तो वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. चार वर्षांच्या पोरीच्या घामाला वास असतो तो दुधाचा, बिस्किटाचा, फार तर मातीचा. हा तसला नव्हता. वगीह शिंपी होता. मनशिय्याच्या बाजारात त्याचं पुरुषांचे सूट शिवायचं दुकान होतं आणि उभा जन्म गिऱ्हाइकांच्या छातीभोवती टेप फिरवण्यात गेला होता. छातीचं माप घेताना शिंप्याचं नाक कुठे असतं हे गिऱ्हाइकांच्या ध्यानात येत नाही, ती आरशात बघण्यात दंग असतात. म्हातारे, जाडे, सिगारेटवाले, अत्तर चोपडून आलेले नवरदेव, सगळे त्याला नाकाने ठाऊक होते. हा वासही त्याने लगेच ओळखला. बाप आपल्या मुलाला पहिला सूट शिवायला घेऊन येतो, पोराला नुकतं मिसरूड फुटलेलं असतं, हात वर कर म्हटलं की ते लाजतं, तेव्हा जो वास येतो तो हा. तो आता त्याच्या नातीच्या अंगाला येत होता.

"राबाब," त्याने मुलीला हाक मारली, "हिला आंघोळ नाही का घातलीस आज?"

"दोनदा घातली, बाबा." राबाब हातात ओला टॉवेल घेऊन दारात उभी राहिली. "सकाळी एकदा आणि तुम्ही यायच्या आधी एकदा. जात नाही तो."

"जात नाही म्हणजे?"

"म्हणजे जात नाही. आईला सांगितलं तर ती म्हणते कांदा कमी घाल. कपाळावरच्या पुटकुळ्या बघितल्यात? मला वाटलं उन्हाने आल्या असतील. ओठांवर लव आलीये. बालवाडीत तिने एका मुलाला उचलून आपटलं, बाबा. उचलून!"

"मग काय बिघडलं!" आतून इनशिराह ओरडली. वगीहची बायको स्वयंपाकघरातून सगळ्या घराशी बोलायची. "आमच्या घराण्यातल्या पोरी दणकटच असतात. मी तिच्याएवढी होते तेव्हा बकऱ्याला शिंगं धरून ओढत न्यायचे. विचार तुझ्या बापाला, अजून ओढतेच आहे."

वगीह हसला, पण ते हसू ओठांपर्यंत येऊन थांबलं. राबाबचे डोळे सुजलेले होते हे त्याला आत्ता दिसलं. तिचा नवरा तामेर कुवेतला, वर्षातून एकदा यायचा. लेकीला घेऊन ती आईबापांकडे राहत होती, आणि पोरीला काय झालंय हे तिने एकटीनेच किती दिवस पोटात ठेवलं होतं कोण जाणे. डॉक्टरीणबाईंना दाखवलंय, रक्त घेतलंय, हाताचा एक्स-रे फोटो काढायला सांगितलाय, असं ती टॉवेलची घडी घालता घालता बोलत राहिली. वगीह ऐकत होता आणि कोचावर झोपलेल्या नातीच्या लांब झालेल्या पायांकडे बघत होता. मुलं भराभर वाढतात म्हणून आपण कौतुक करत होतो, झग्यांची शिवण उसवून उसवून लांबी वाढवून देत होतो. शिवण उसवताना आपल्या मनात शंका का आली नाही?

खांद्यांवरून माणूस कळतो, असं तो दुकानात नेहमी म्हणायचा. पोटाला पट्टा आवरतो, पाय पॅन्टमध्ये झाकले जातात, खांदा मात्र कोटात खोटं बोलत नाही. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून त्याने स्वतःचाच जुना कोट अंगात चढवला होता, तर कोटाचा खांदा त्याच्या खांद्यावरून खाली घरंगळला. आरशात दुसराच कोणी उभा होता, त्याच्याच कोटात. त्याच्या आधीपासून तो दमत होता. सकाळी उठायचा तोच दमलेला. इस्त्री उचलली की हात भरून यायचा. ऐन थंडीत अंगातून एकदम आग निघायची, मान घामाने भिजायची आणि मग हुडहुडी भरायची. बायकांना एका वयात होतं तसं, आणि ते तसं आहे हे कळल्यावर तो आणखीच गप्प झाला. दाढी दोन दिवसांआड केली तरी चालायला लागलं. टीव्हीवर कोणी कुणाला स्टेशनवर सोडायला गेलं की याच्या डोळ्यांना धार लागायची. आणि पलंगावर इनशिराह जरा सरकून जवळ आली की तो घोरल्याचं सोंग करायचा. सोंग चांगलं वठायचं, कारण खरी झोप त्याच्या मागेच उभी असायची. अंगात भूकच राहिली नव्हती. भूक भागत नाही याचं दुःख वेगळं आणि भूकच लागत नाही याचं वेगळं. हे दुसरं दुःख कुणाला सांगताही येत नाही, कारण सांगायला लागलं तर ऐकणारा पहिल्याचाच इलाज सांगतो. कॉफीच्या दुकानातला बदावी एकदा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालाच होता, "काय उस्ताद, सुई-दोरा चालतोय ना? नसेल ओवता येत तर गोळी मिळते हो कोपऱ्यावर!" सगळे खदखदा हसले. सगळ्यांत मोठ्याने वगीह हसला.

तांदूळ निवडता निवडता एका संध्याकाळी इनशिराहने मान वर न करता विचारलं होतं, "कोण आहे ती?"

"कोण ती?"

"जिच्यापायी तू एवढा दमतोस."

त्याचे डोळेच वाहायला लागले. तिने तांदळाचं ताट बाजूला ठेवलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कोणी असती तर रडला नसतास, खोटं बोलला असतास. म्हणजे दुखणं आहे. नसीमसारखं करू नकोस मला." नसीम त्याचा थोरला भाऊ. तोही असाच वर्षभर दमलो दमलो म्हणत होता आणि एक दिवस खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

शेवटी तो डॉक्टरकडे गेला तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे त्याने शिवलेला कोट घातलेला माणूस भेटायची भीती नव्हती. भल्या सकाळी उपाशी पोटी रक्त घेतलं, काही दिवसांनी पुन्हा घेतलं. डॉक्टर तरुण होता, बोलायची हौस असलेला. कागदावर त्याने मेंदूच्या खाली वाटाण्याएवढं काहीतरी काढलं. "उस्ताद, हुकूम इथून सुटतो. खाली कारखाना आहे, तो हुकमाची वाट बघत बसलाय. कारखाना मोडलेला नाही, पण हुकूमच येत नाही. म्हणून तुमच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन कमी पडलंय. आणि हे फक्त पलंगाचं प्रकरण नाही बरं का. हाडं, रक्त, झोप, मन, सगळं त्याच्यावर चालतं. तुम्ही रडता म्हणालात ना? तो तुमचा स्वभाव नाही, ती कमतरता आहे. बाहेरून देऊ, भरून निघेल." वगीहला सुटल्यासारखं वाटलं, आणि ट्रामच्या थांब्यापर्यंत येईतो ते सुटणं कडू झालं. ती कमतरता असेल तर मग नसीमच्या मयताला कोण रडलं? लग्नानंतर राबाब तामेरबरोबर विमानतळावर गेली तेव्हा दुकानाचं दार आतून लावून कोण बसलं होतं? इतकी वर्षं आपण ज्याला आपलं मन म्हणत होतो ते जर असं पाकिटातून आणता येत असेल, तर पाकिटाच्या आधीचा वगीह खरा की नंतरचा, हे कुणाला विचारायचं? त्याने ट्राम सोडली आणि पुढच्या ट्रामने घरी गेला.

औषध म्हणजे लहान पाकिटातलं पारदर्शक, दारूसारखा वास येणारं जेल. "सकाळी आंघोळ झाली की दोन्ही खांद्यांना लावा, वाळू द्या, वर शर्ट घाला. हात साबणाने धुवा. आणि बायकामुलांच्या अंगाला लागू देऊ नका," डॉक्टर म्हणाला तेव्हा त्याचा हात पुढच्या पेशंटच्या फायलीकडे गेलेला होता. वगीहने ते शेवटचं वाक्य ऐकलं, पण डॉक्टर मीठ कमी खा म्हणतात तसंच ऐकलं. शिवाय त्याला वाटलं, लाजेकाजेपोटी सांगत असेल, औषध कुणाला दिसू नये म्हणून. लपवायचं तर होतंच. त्यात त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि मग तो हळूहळू परत आला. दुसरा शब्द त्याला सापडला नाही. लोकरीच्या जाड कापडातून कात्री सरळ जायला लागली, पहाटे डोळे आपोआप उघडायला लागले, पायजम्याची नाडी बांधता बांधता तो गुणगुणतोय हे त्याचं त्यालाच उशिरा कळलं. दाढी पुन्हा रोज खरखरायला लागली. एका शुक्रवारी दुपारी राबाब पोरीला घेऊन नणंदेकडे गेली होती, घरात दोघंच होती. नंतर इनशिराह पलंगाच्या कडेवर बसून तोंडावर ओढणी धरून हसत राहिली, इतकी की तिला उचकी लागली. दुसऱ्याच दिवशी ती अबुल अब्बास पिराच्या मशिदीपाशी जाऊन मांस भरलेल्या पावांची टोपली वाटून आली. "कसला नवस होता?" त्याने विचारलं. "तुला काय करायचंय? फेडला, संपलं," ती म्हणाली, आणि तिच्या गालावर चक्क लाली होती. तो काय समजायचं ते समजला. पाकीट त्याच्या खिशात होतं. तिने अल्लाचे आणि पिराचे आभार मानले होते, त्यात डॉक्टरला कुठे आणून बसवायचं? राहू दे तिला तिचा चमत्कार, असं त्याने ठरवलं. त्या ठरवण्यात थोडी माया होती आणि बरीचशी लाज.

त्यानंतर रमजान आला. पहिल्याच दिवशी आंघोळीनंतर पाकीट फाडताना त्याचा हात थांबला. हे कातडीतून आत जातं, आत जातं म्हणूनच तर ते औषध. मग उपासाच्या दिवसात आत गेलेल्याचा हिशेब काय? दुपारच्या नमाजानंतर तो मशिदीतल्या शेखसाहेबांजवळ घुटमळला. भोवती माणसं होती, बदावीही होता.

"विचारा, विचारा उस्ताद वगीह. डोळ्यांत घालायचे थेंब का? त्याने मोडत नाही."

"तसं नव्हे. अंगाला लावायचं आहे."

"कशासाठी?"

सगळ्यांचे कान त्याच्याकडे वळल्यासारखे त्याला वाटले. "गुडघ्यासाठी," तो म्हणाला.

"खुशाल लावा. गुडघ्याला काय, कुठेही लावा. उपास मोडत नाही."

कुठेही, असं शेखसाहेब स्वच्छ म्हणाले होते. पण परवानगी त्याच्या गुडघ्याला मिळाली होती, आणि गुडघा ठणठणीत होता. खोटं सांगून मिळवलेली सवलत वापरायची आणि वर उपास ठेवायचा, हे त्याच्या मनाला पटेना. दुसऱ्यांदा जाऊन खरं विचारायचं तर तोंड कुठलं? म्हणून त्याने आपल्यापुरता सोपा मार्ग काढला. सूर्य बुडाल्यावर लावायचं, मग प्रश्नच मिटला. त्या दिवसापासून रोजा सोडून झाला, खजूर, सूप, भात पोटात गेला, की तो हात धुवायला म्हणून न्हाणीघरात जायचा, खांद्यांना जेल चोळायचा आणि सैल गळ्याचा पायघोळ गलाबिया चढवून कोचावर येऊन बसायचा. मालिका सुरू व्हायची. इनशिराह सारण भरलेले गोड कतायफ तळून आणायची. आणि तूता पाकाची बोटं चाटत त्याच्या मांडीवरून वर चढायची. "गिद्दो, खांदा," असं ती आजोबाला म्हणायची, उशी मागावी तसं. तो गळा बाजूला सारून तिला जागा करून द्यायचा. तिचा गाल गरम असायचा, थोडा चिकट. पाच मिनिटांत तिचा श्वास लांबायचा आणि तो पुतळ्यासारखा बसून राहायचा, पाय मुंग्या येऊन बधिर झाला तरी. ईद झाली तरी वेळ तीच राहिली. सकाळी न्हाणीघरासाठी रांग असते, संध्याकाळी कुणी विचारत नाही. उन्हाळा लागला तसा गलाबिया जाऊन बनियन आलं. त्या महिन्यांत वगीह सुखी होता. अंगात जोर आला होता आणि खांद्यावर नात होती, आणि या दोन सुखांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत दिव्यावर तूताच्या हाताचा फोटो लावला होता. डॉक्टर शाहिनाझ मध्यमवयीन होत्या, सावकाश बोलायच्या. मनगटाजवळची बारीक हाडं पेनाने दाखवत त्या म्हणाल्या, पोरगी चार वर्षांची आहे, पण हा हात सात वर्षांच्या मुलीचा आहे. रक्तात पुरुषांचं हार्मोन वाढलंय. बहुतेक मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असावी. गुरुवारी भूल देऊन स्कॅन करू, मग शस्त्रक्रियेचं बघू. राबाब मान हलवत होती. तामेरने रजा टाकली होती, तो यायला निघणार होता. खाली फरशीवर बसून तूता कागदावर रंगखडू दाबत होती, इतकी जोरात की खडू मोडला, आणि तिने मोडका तुकडा भिंतीवर भिरकावला. गाठ हा शब्द खोलीत आल्यापासून वगीहला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. एवढ्याशा पोटावर चाकू.

"एक विचारावं लागतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरात कुणी पुरुष अंगाला हार्मोनचं जेल वगैरे लावतं का? मुलांच्या अंगाला लागलं तर असं होऊ शकतं."

राबाब कितीतरी दिवसांनी हसली. "आमच्याकडे? नवरा कुवेतला आहे. घरात पुरुष म्हणजे माझे बाबा, आणि ते सर्दीचं मलमसुद्धा लावून घेत नाहीत."

"यांना कसली गरज!" इनशिराह म्हणाली. तिच्या आवाजात घरच्या बाईचा अभिमान होता, आणि तो लपवावा असं तिला वाटतही नव्हतं. "माशाल्ला, घोड्यासारखे आहेत."

वगीह म्हणाला, "पाणी घेऊन येतो," आणि बाहेर आला. बाहेरच्या लांब बोळात बाकावर बायका मुलांना घेऊन बसल्या होत्या. तो भिंतीला टेकला. शर्टाच्या आत त्याचे खांदे होते, काल संध्याकाळी चोळलेले. मघाशी टॅक्सीत तूता या खांद्यावर डोकं ठेवून आली होती. मोठ्या माणसाचा वास म्हणजे कुणाचा, हे इतके दिवस आपण स्वतःला विचारलंच नव्हतं. ती वाढत नव्हती, आपणच तिच्यात वाढत होतो. आपल्या दाढीची खरखर तिच्या ओठांवर आली, आपला जोर तिच्या हातात. जे आपलंही नव्हतं, दुकानातून आणलेलं होतं, ते आपण तिला झोपेत पाजत राहिलो. खांदा देताना आपल्याला किती बरं वाटायचं! त्याला इनशिराहचा घोडा आठवला. आत जाऊन बोललं की तो घोडा मरणार होता. नवस, पावांची टोपली, तोंडावर ओढणी धरून हसलेली ती शुक्रवारची दुपार, सगळ्याची पाकिटं होणार होती. आणि राबाब? मुलीसमोर बापाने हे कुठल्या शब्दांत सांगायचं? न बोलता आजपासून जेल बंद केलं तर? हळूहळू सगळं आपोआप जाईल, कुणाला कळणारही नाही. पण गुरुवार होता. तिला भूल देतील, नसलेली गाठ शोधतील. बाकावरची एक बाई म्हणाली, "बसा ना आजोबा, चेहरा उतरलाय तुमचा." त्या शब्दासरशी तो वळला आणि दार न वाजवता आत शिरला.

"मी लावतो," तो म्हणाला. "खांद्यांना. रोज संध्याकाळी."

डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर आनंद उमटला, खराखुरा आनंद. त्यांनी हातातलं पेन खाली टाकलं. "अल्हम्दुलिल्ला! अहो, यापेक्षा चांगली बातमी नव्हती!" त्या भराभर बोलायला लागल्या. स्कॅन पुढे ढकलू, औषधाचा स्पर्श थांबला की महिन्याभरात रक्त पुन्हा तपासू, वास जाईल, पुटकुळ्या जातील, चिडचिड जाईल. फक्त हाडं पुढे गेली आहेत ती मागे येत नाहीत, आत्ता बरोबरीच्या मुलींत उंच दिसेल, मोठेपणी कदाचित थोडी बुटकी राहील, एवढंच. आणि तुम्हीही औषध सोडू नका, तुमच्या डॉक्टरांकडून इंजेक्शन लिहून घ्या, ते स्नायूत जातं, कातडीवर राहत नाही, मुलांना काही धोका नाही. वगीह प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. राबाबने पोरीला फरशीवरून उचललं आणि आपल्या दुसऱ्या कुशीला घेतलं, बापापासून लांब. तिने ते मुद्दाम केलं नसावं, हातांनीच केलं. इनशिराह पर्सची कडी उघडत होती आणि लावत होती.

घरी आल्यावर ती भाजीही चिरायला बसली नाही. "म्हणजे ते पिराने नाही केलं," ती म्हणाली.

"नाही."

"मी तिथे जाऊन पाव वाटले. बायकांना सांगितलं, माझा नवरा उठून बसला म्हणून."

"मला माहीत आहे. इनशिराह, मला लाज वाटली. तुला ते... तू जे मागितलंस ते..."

"मी काय मागितलं होतं असं वाटतं तुला?" तिने एकदम त्याच्याकडे पाहिलं. "देवाशप्पथ, बेअक्कल आहेस, राबाबच्या बापा! मी मागितलं होतं, याला नसीमसारखा खुर्चीत नेऊ नकोस. बाकीचं आलं तर आलं, मी काय नको म्हणणार होते का? पण पलंगासाठी कोणी अबुल अब्बासच्या दारात जातं?" आणि मग ती रडली, आणि त्याला तिच्याबरोबर रडायला यायला हवं होतं. पण औषध अजून अंगात होतं, डोळे कोरडेच राहिले. तिचा हात धरून तो नुसता बसला.

राबाब भांडली नाही, भांडली असती तर बरं झालं असतं. तिने तूताची गादी आपल्या खोलीत नेली, कोचाची खोळ, उशा, बापाची बनियनं, सगळं उकळत्या पाण्यात घातलं. पोरीला सांगितलं, गिद्दोच्या खांद्याला लागलंय, हात लावायचा नाही. तूता मग दारात उभी राहून लांबूनच त्याच्या खांद्यावर फुंकर घालायची आणि विचारायची, "बरं झालं?" तो म्हणायचा, "होतंय." एका दुपारी राबाब दुकानातच आली. गिऱ्हाईक नव्हतं. बाप समोर असूनही ती आरशाकडे बघून बोलली.

"बाबा, तुम्ही इंजेक्शन घ्या. डॉक्टर म्हणाल्या त्याने काही होत नाही, मी पण वाचलं. मला कळतं सगळं."

"मग?"

"मग काही नाही. तुम्ही घ्या. फक्त तिला उचलू नका. मला कळतं हो, पण ती तुमच्याजवळ गेली की माझ्या पोटात गोळा येतो. तो कसा घालवू, सांगा ना?"

तो तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेला आणि ती टॅक्सीत बसेपर्यंत उभा राहिला.

त्याने इंजेक्शन घेतलं नाही. तरुण डॉक्टर चिडला, हाडं ठिसूळ होतील म्हणाला, जुनं सगळं परत येईल म्हणाला. इनशिराहने तर डोक्याला हात लावला, "वेडा झालास का? सुई घे, कोण बघतंय!" कोण बघतंय, याच वाटेने तर इथवर आलो होतो. लपून घेता आलं असतं, पण लपवण्याचा त्याला वीट आला होता. सांगून घ्यावं तर राबाबच्या पोटातला गोळा. अंगात औषधच नाही म्हटल्यावर तिला भ्यायला काही उरणार नाही, एवढा एकच विचार त्याने धरला. मोठेपणा वगैरे काही नव्हता त्यात. त्याला फक्त नात परत हवी होती. आधी पहाट गेली, मग गुणगुणणं गेलं, मग इस्त्री पुन्हा जड झाली. ती आग, तो घाम, सगळे जुने पाहुणे आपापल्या जागा ओळखून येऊन बसले. इनशिराह आता विचारायची नाही, पंखा त्याच्याकडे वळवून ठेवायची. टीव्हीवर कुणी कुणाला सोडायला गेलं की दोघं मिळून रडायची. तूताच्या पुटकुळ्या गेल्या. तिसऱ्या तपासणीला डॉक्टरीणबाई हसल्या आणि आता पुष्कळ दिवसांनी या म्हणाल्या.

जानेवारीतलं वादळ त्या दिवशी सकाळपासून खिडक्या ठोठावत होतं. दुकान उघडण्यात अर्थ नव्हता, वगीह कोचावर शाल पांघरून बसला होता. तूता खोलीच्या दारात आली. ती इतकी उंच दिसत होती की त्याला क्षणभर दुसऱ्याच कुणाची मुलगी वाटली. तिने मागे वळून आईकडे पाहिलं. राबाब मटार सोलत होती. तिने हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाली, "जा गं गिद्दोकडे. थंडी वाजतेय त्यांना."

वगीह उभा राहिला. हा क्षण त्याने इतके महिने मनात शिवून ठेवला होता, तो बसून घ्यायचा नव्हता. तूता धावत आली आणि तिने हात वर केले. त्याने तिच्या काखांत हात घातले आणि उचललं. ती उचलली गेली नाही. त्याने पाय रोवले, श्वास धरला, पुन्हा जोर केला. तिच्या चपला जमिनीवरून जेमतेम सुटल्या आणि परत टेकल्या. हाडं पुढे गेली ती मागे येत नाहीत, आणि त्याच्या हातांतलं जे गेलं होतं तेही परत येणार नव्हतं. राबाबच्या बोटांतून मटाराची शेंग सुटली. त्याला दरदरून घाम आला, ऐन वादळात. तूताने त्याचा चेहरा निरखून पाहिला.

"तू दमलास का रे गिद्दो?"

"थोडा."

"थांब मग. मी उचलते तुला."

"अगं सोड त्यांना," राबाबचा आवाज फुटला, "कमरेत लचक भरेल तुझ्या." पण तूताने त्याच्या कमरेला दोन्ही हातांची मिठी मारलीच. डोकं त्याच्या पोटात खुपसलं, तोंड लाल केलं आणि हुं म्हणून जोर लावला. आणि वगीह, शाल सावरत, कोचाच्या पाठीला एका हाताने धरून, हळूहळू चवड्यांवर उभा राहिला.

"उचललं!" तूता ओरडली. "आई, बघ, उचललं!"

"उचललंस," तो म्हणाला. त्याचे पाय थरथरत होते, तरी तिने सोडेपर्यंत त्याने टाचा टेकल्या नाहीत.